रामरतीच्या खोलीपुढची पट्टी

१८ मार्च

निवृत्त होऊन तीन वर्षं झाली, तेव्हापासून डायऱ्या कोऱ्याच पडल्यात. रोज लिहायचं तरी काय? दूध आलं, पेपर आला, मंजूषाशी वाद झाला? आज मात्र लिहिण्यासारखं आहे. आपल्या मराठी मंडळाच्या मैदान समितीचा मी प्रमुख झालो. समितीत तिघं आहेत. एक जण मुलाकडे बंगळुरूला जाऊन बसलाय, दुसऱ्याचे गुडघे गेलेत. म्हणजे समिती मीच.

सचिव शैलेंद्र घरी आला होता. इंदूरचा माणूस, मराठी बोलायला लागला की निम्मी हिंदी. म्हणाला, "काका, तुम्ही चौतीस साल सरकारी लॅबमध्ये माती तपासली. तुमच्यापेक्षा मोठा एक्स्पर्ट भोपाळात कोण भेटणार? एक मेच्या आधी ग्राउंड एकदम टनाटन पाहिजे." मी जरा आढेवेढे घेतले. पण मनातून गुदगुल्या झाल्या, हे इथे कबूल करायला हरकत नाही.

अडचण अशी आहे की शाहपुऱ्यामागचं आपलं मैदान काळ्या मातीचं. उन्हाळ्यात तिला हात जाईल अशा भेगा पडतात. गेल्या महाराष्ट्र दिनाला खो-खोच्या सामन्यात खालच्या मजल्यावरच्या नेहाची अबोली भेगेत पाय अडकून पडली. महिनाभर प्लास्टर. अकरा वर्षांची पोर ती, गॅलरीत बसून दुसऱ्यांचा खेळ बघत होती. या वर्षी तसं होता कामा नये.

मैदानावर रामरती नावाची बाई आहे. साठीच्या आसपासची, मूळची भिंडकडची. झाडलोट, पाणी मारणं, खो-खोच्या रेषा आखणं, सगळं बारा-तेरा वर्षं तीच करते आणि पश्चिमेच्या कोपऱ्यात मंडळाची एक खोली आहे तिथे राहते. मागे-पुढे कोणी नाही. काम बरं करते, पण सल्ले फार देते.

२२ मार्च

दोन दिवस अवकाळी पाऊस पडून गेला. मैदान सुकलंय आणि वर छान टणक पापडी धरलीये. बुटाने टोकरलं तरी सहज फुटत नाही. पण खाली भेगा आहेतच, त्या उन्हाबरोबर पुन्हा उघडणार.

मी पूर्ण विचार करून आराखडा ठरवला. वाळलेलं गवत सगळं खरडून काढायचं, कारण त्यात पाय घसरतो. मग मैदानभर बारीक वाळू पसरायची, म्हणजे भेगा भरतील आणि पडलं तरी पोरांना लागणार नाही. पश्चिमेच्या कडेला बेशरमची झुडपं माजलीत, ती कापून टाकायची. पाहुण्यांच्या खुर्च्या तिकडे लागतात आणि त्यांना सामना दिसला पाहिजे.

रामरतीने ऐकून घेतलं आणि मग तिचं सुरू झालं. "साहब, घास रहने दो. सूखी है तो क्या हुआ, मिट्टी को पकड़े बैठी है. और रेत तो बिलकुल मत डलवाओ. हमारे भिंड में देखा है मैंने, रेत चलती है तो मिट्टी को छील देती है."

मी म्हटलं, बाई, मी जोधपूरला ट्रेनिंग घेतलेला माणूस आहे. एक्याण्णव साली, पंधरा दिवस, वाळवंटात वारा माती कशी नेतो याच विषयावर. प्रमाणपत्र आहे.

"तो फिर आप तो जानते ही होंगे," ती म्हणाली आणि खुरपं घ्यायला गेली. बरं झालं, पटलं तिला.

३० मार्च

वाळू आली आणि पसरूनही झाली. मैदान असं दिसतंय की बघत राहावं. एक काडी नाही, एक भेग नाही. झुडपंही साफ. शैलेंद्रने फोटो काढून मंडळाच्या ग्रुपवर टाकला, खाली माझं नाव. चाळीसेक जणांचे अंगठे आले. मंजूषा म्हणाली, "आता फोन खाली ठेवा आणि जेवायला या."

एकच गोष्ट खटकली. रामरतीने तिच्या खोलीपुढची पट्टी जशीच्या तशी सोडलीये. तीस फूट लांब, सहा-सात फूट रुंद. गवत तसंच, वाळूचा कण नाही. विचारलं तर म्हणते, "इतनी तो मेरे लिए रहने दो साहब, दरवाज़ा यहीं खुलता है." कामचुकारपणा, दुसरं काय! मी दोनदा बजावलं. मग सोडून दिलं.

१० एप्रिल

सराव जोरात चालू आहे. अबोली पुन्हा धावायला लागलीये. खांबाला वळसा घालताना पोरगी अशी झुकते की आपला श्वास अडकतो. मी वारा मोजायचं हातातलं यंत्र घेऊन रोज संध्याकाळी जातो. निवृत्तीच्या वेळी स्वतःच घेतलं होतं, तीन वर्षं कपाटात होतं. आज साडेपाचला ताशी चौदा किलोमीटर, पश्चिमेकडून.

मंजूषाच्या कुरडया गच्चीवर वाळत घातल्यात. म्हणते, या वर्षी दाताखाली कचकच लागतेय. गच्ची मैदानाच्या पूर्वेला, म्हणजे वाऱ्याच्या तोंडावर. मी म्हटलं, शहर वाढतंय, बांधकामं वाढतायत. "आपल्याकडे कुठे बांधकाम चाललंय?" म्हणाली. तिला प्रत्येक गोष्टीला फाटे फोडायची सवय आहे.

२२ एप्रिल

एक्केचाळीस अंश. वारा सव्वीसपर्यंत गेला. दुपारनंतर मैदानावर जमिनीलगत काहीतरी सरपटल्यासारखं दिसतं, घोट्याच्या वर येत नाही. पूर्वेकडच्या स्कूटरींवर पिठासारखा थर. रामरती पाणी नीट मारत नसणार. विचारलं तर म्हणाली, सकाळ-संध्याकाळ दोन्ही वेळा मारते, पण वरची वाळू तासाभरात कोरडी होते आणि चालायला लागते. पुन्हा तेच वाळूचं. तिच्या डोक्यात एकदा काही शिरलं की निघत नाही.

२६ एप्रिल

हॉस्पिटलातून यायला उशीर झाला. तरी लिहितो.

सहाच्या सुमाराला आंधी आली, धुळीचं वादळ. पश्चिमेला आकाश आधी पिवळं, मग विटकरी झालं. भोपाळात आंधी नवी नाही, पण आज जे झालं ते आपल्याच मैदानातून उठलं. मी कडेला उभा होतो. यंत्रात अठ्ठावन्न दिसलं आणि मग यंत्रच दिसेना. आधी पिंढऱ्यांवर सुया टोचल्यासारखी वाळू लागली, मग मागून काळपट धुळीची भिंत उठली. मैदानावर बावीस मुलं होती. कोणी खांबाला धरून, कोणी खाली बसलेलं. सगळी "आई, आई" करत होती.

रामरती ओढणीने तोंड बांधून आत शिरली आणि एकेकाला हाताला धरून आपल्या खोलीत नेऊन घातलं. मीही शिरलो, पण मला दोन पावलांवरचं दिसत नव्हतं. अबोली सगळ्यात शेवटी सापडली. तिचा श्वास लागला होता, ओठ निळे पडले होते. नेहा आणि मी रिक्षाने तिला हॉस्पिटलात नेलं. ऑक्सिजन लावला. आता बरी आहे, दोन दिवस ठेवणार म्हणाले.

नेहा रडत म्हणाली, "काका, हे असं कसं झालं? याआधी कधी झालं नव्हतं." मी औषधाची चिठ्ठी घेऊन दुकानाकडे गेलो.

२७ एप्रिल

तातडीची बैठक. पालक भडकलेले, आणि भडकणारच. कोणाची तरी जबाबदारी निश्चित करा, असं सगळ्यांचं म्हणणं. शैलेंद्रने माझ्याकडे बघितलं. "काकांनी टेक्निकल रिपोर्ट द्यावा. उनकी बात पर कोई सवाल नहीं उठाएगा." दोन दिवसांत देतो म्हणालो.

२९ एप्रिल

अहवाल दिला. सव्वा पान, टाइप करून. निष्कर्ष: पुरेसं पाणी न मारल्याने मैदानाचा वरचा थर कोरडा पडला आणि वाऱ्याबरोबर उडाला. शिवाय संबंधित कर्मचाऱ्याने सूचना देऊनही खोलीपुढची तीस फुटांची पट्टी तशीच ठेवली, यावरून कामाबद्दलची अनास्था दिसते. सही, तारीख.

मंडळाच्या कार्यकारिणीने तासाभरात निर्णय घेतला. रामरतीला कामावरून कमी केलं. पंधरा मेपर्यंत खोली रिकामी करायची.

मी काही तिला काढा असं लिहिलं नव्हतं. मी फक्त कारण लिहिलं.

१ मे

कार्यक्रम जवाहर चौकाजवळच्या एका हॉलमध्ये झाला. खो-खो रद्द. भाषणं झाली, श्रीखंड-पुरी झाली. अबोली आली होती, हातात दम्याचा पंप. मला विचारलं, "आजोबा, रामरती अम्मा नाही आली? दर वर्षी ती पुरी खायला येते." मी म्हटलं, असेल कामात. पोरगी म्हणाली, "तिला तर कामच नाही आता."

श्रीखंड गोड लागलं नाही. मंजूषाने माझी वाटी स्वतःकडे ओढून घेतली. हेही बरं लक्षण नव्हे.

४ मे

दोन-तीन सभासद कुरकुर करतायत की बाईला बोलायची संधी दिली नाही. शैलेंद्र म्हणाला, अकरा तारखेच्या बैठकीत एक डेमो दाखवा, सगळे गप्प बसतील. मलाही पटलं. प्रयोगाला कोण नाही म्हणणार?

कूलरच्या खसच्या जाळ्या काढून पंखा मोकळा केला. पुढे पुठ्ठ्याचा बोगदा. मैदानातून मातीचा सलग तुकडा काढून परातीत बसवायचा होता. पण मैदानभर कुठे पापडी शिल्लकच नाही, सगळा भुगा. शेवटी रामरतीच्या खोलीपुढच्या पट्टीतून कापून आणला. ती दारात बसून भांडी पोत्यात भरत होती. माझ्याकडे बघितलं, पुन्हा भांडी भरायला लागली.

तो तुकडा दोन दिवस कडक उन्हात ठेवला असता तर पुरावा पक्का झाला असता, पण धीर नव्हता. तसाही ठणठणीत कोरडा होता. ती पट्टी ती मुद्दाम भिजवत नाही. पंखा पूर्ण वेगाने लावला. यंत्रात सत्तावीस. पंधरा मिनिटं उभा राहिलो. परातीतून काही म्हणजे काही उडालं नाही. बोटाने पुसून बघितलं, बोट स्वच्छ.

मंजूषा घामाघूम होऊन दारात उभी. "कूलर कधी मिळणार मला? आणि ह्यात वाळू कुठेय? मैदानात तर वाळू आहे."

म्हटलं, तू मध्ये बोलू नकोस. प्रयोग फसला. पंखा कमजोर आहे.

५ मे

प्रयोग केला नाही. डोकं दुखत होतं.

७ मे

कालही केला नाही. खरं लिहायचं तर मी तीन दिवस घाबरत होतो. आज सकाळी मंजूषा भाजीला गेली तेव्हा मैदानातली मूठभर वाळू आणली, बोगद्याच्या तोंडाशी ठेवली आणि पंखा लावला.

आधी वाळूचे कण उड्या मारत निघाले. पापडीवर आपटले, उसळले, पुन्हा आपटले. अर्ध्या मिनिटात पापडीवर ओरखडे, आणि मग त्यातून धूर निघावा तशी काळी धूळ निघायला लागली. पंखा तोच, माती तीच. बेडरूमपर्यंत धूळ गेली. मी पंखा बंद केला नाही. उभा राहून बघत होतो.

मग माळ्यावरची पत्र्याची पेटी काढली. जोधपूरची वही सापडली. पाचव्या पानावर माझ्याच अक्षरात, शाईच्या पेनाने: "अगदी बारीक माती एकमेकींना चिकटून बसते, ती वाऱ्याने आपणहून सहसा उठत नाही. तिला वाळूचे उड्या मारणारे कण फोडून काढतात. म्हणून पापडी मोडू नये, वाळलेलं गवत काढू नये, वाऱ्याच्या बाजूचं कुंपण तोडू नये." खाली दोन रेघा मारल्यात. रेघा मारायला काय अक्कल लागते?

तिन्ही गोष्टी मीच केल्या. आणि त्या बाईने पहिल्याच दिवशी मला हेच सांगितलं होतं. मला शरम वाटतेय. मंजूषा आली, पलंगावरची धूळ बघितली, माझ्याकडे बघितलं, आणि चहा टाकला.

८ मे

शैलेंद्रकडे गेलो. सगळं सांगितलं, वही दाखवली. त्याने कपाळाला हात लावला. "अहो काका, आता छोड़ो ना. पालक शांत झालेत. नवीन माणूस पण बोलून ठेवलाय. तुमचंच नाव खराब होणार. कशाला आ बैल मुझे मार?"

वाईट माणूस नाही तो. माझीच काळजी करत होता. आणि घरी येईपर्यंत त्याचं म्हणणं मला थोडं थोडं पटायलाही लागलं होतं, हे लिहून ठेवतो.

९ मे

संध्याकाळी पुन्हा आंधी. सव्वीस तारखेच्या मानाने हलकी, बेचाळीसपर्यंत. मंजूषा नको नको म्हणत असताना तोंडावर रुमाल बांधून मैदानावर गेलो आणि पश्चिमेच्या कोपऱ्यात, रामरतीच्या भिंतीला टेकून उभा राहिलो. पायाखालची तीस फूट पट्टी जागची हलली नाही. वाळकं गवत आडवं झालं एवढंच. तिथून पुढे, जिथे माझी वाळू सुरू होते, तिथे आधी सरपटणं, मग उड्या, मग धूर. पूर्वेपर्यंत जाता जाता भिंत झाली.

ही पट्टी मी अहवालात तिच्या विरुद्ध लिहिली होती.

खिडकीच्या फटीतून आवाज आला, "अंदर आ जाइए साहब, आँख में जाएगा." मी आत गेलो नाही. कोणत्या तोंडाने जायचं?

११ मे

बैठक झाली. मी उभा राहिलो. आधीचा अहवाल मागे घेतो म्हणालो. पंखा, परात, वाळू, सगळं करून दाखवलं. पहिल्या रांगेतल्या लोकांच्या अंगावर धूळ उडाली, तेव्हा कुजबूज थांबली. सुधारित अहवाल वाचला: "मैदान समितीकडून अनवधानाने वाळूचा थर टाकला गेल्यामुळे हा प्रकार घडला. कर्मचाऱ्याचा दोष नाही." नेहा मागे बसली होती. ती हात वर करून म्हणाली, रामरतीला ठेवा, माझ्या मुलीला तिने बाहेर काढलं. ठराव झाला. खोली तिचीच राहणार, काम तिचंच. शैलेंद्रने पाठ थोपटली, "बडा दिल है काका तुमचं."

मोठं ओझं उतरलं. आयुष्यात एवढं धाडस मी कधी केलं नसेल. घरी आल्यावर मंजूषाला अहवालाची प्रत वाचायला दिली. तिने वाचून परत दिली. "समितीत आणखी कोण कोण असतं हो?" म्हणाली. तिला ठाऊक आहे की.

१२ मे

सकाळी सहालाच मैदानावर गेलो. रामरती दारात होती, मागे दोन पोती बांधून तयार. शैलेंद्रने काल फोन केला होता म्हणे, पण तिने पोती सोडली नव्हती. म्हणाली, "कागज़ से निकाली गई थी साहब. रहना है, ये भी कागज़ पे चाहिए."

मी सुधारित अहवालाची प्रत नेलीच होती. तिला वाचता येत नाही, म्हणून हिंदीत वाचून दाखवली. तिने दोनदा वाचायला लावली. मग विचारलं, "इसमें ये लिखा है कि रेत किसने डलवाई?"

"हाँ. समिति ने."

"समिति कौन है?"

तिच्या आवाजात राग नव्हता. खरंच विचारत होती. बारा-तेरा वर्षांत समितीची माणसं तिने कितीतरी बदललेली पाहिली असणार. काल हाच कागद वाचून मी स्वतःला शाबासकी देत घरी गेलो होतो.

पेन काढलं. खालच्या रिकाम्या जागेत हाताने लिहिलं: "रामरतीबाईंनी नको म्हणून सांगितलं होतं. तरीही वाळू मी टाकायला लावली, गवत मी काढायला लावलं, झुडपं मी तोडायला लावली. अबोलीला जो त्रास झाला तो माझ्यामुळे. बाईंची पट्टी तेवढी बरोबर होती." पूर्ण नाव लिहिलं, यशवंत म्हणून नुसतं नाही. सही, तारीख. मग तेही हिंदीत वाचून दाखवलं.

तिने कागदाची घडी घालून पेटीत ठेवली. पोतं सोडलं, त्यातून दोन घमेली काढली आणि एक माझ्यापुढे धरलं. "चलिए. हवा नौ बजे उठती है."

नऊपर्यंत एकवीस घमेली वाळू काढली. समितीचं आजचं काम एवढंच झालं. उद्या पुन्हा सहाला.